गृहाधारित उपशामक सेवा आणि तिचे समन्वयन : वारंगा फाटा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा हे गाव तिठ्यावर वसलेले आहे. नागपूरहून यवतमाळ, उमरखेड, हदगावमार्गे तुळजापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि अकोला, वाशीम, हिंगोलीकडून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांना मिळतात. लांबच्या प्रवाशांना हे गाव येथील खिचडीमुळे ठाऊक असते. आजूबाजूच्या खेड्यांतील रुग्णांना मात्र ते वेगळ्या कारणाने परिचित आहे. मोठ्या दवाखान्यात जावयाचे म्हणजे आधी फाट्यावर यावयाचे आणि तेथून नांदेडची गाडी धरावयाची, हा त्यांचा नित्याचा क्रम होय.

याच रस्त्याने काही रुग्ण शेवटचे परत येतात. कर्करोग शरीरभर पसरलेला असतो, पक्षाघाताने अर्धे अंग लुळे पडलेले असते किंवा मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसचा खर्च आणि प्रवास आवाक्याबाहेर गेलेला असतो. डॉक्टरांनी नातेवाइकांना बाजूला घेऊन ‘आता घरी न्या, सेवा करा’ असे सांगितलेले असते. हा सल्ला पुष्कळदा वैद्यकीयदृष्ट्या योग्यच असतो. परंतु सेवा म्हणजे नेमके काय करावयाचे, वेदना वाढली तर कोणाला विचारावयाचे आणि रात्री श्वास लागला तर काय, हे त्या सल्ल्यात येत नाही. रुग्ण घरी परतला ही वार्ता गावभर होते. शासकीय आरोग्य यंत्रणेपर्यंत ती पोहोचेलच अशी व्यवस्था मात्र क्वचित असते. प्रस्तुत लेखात या एका दुव्याचा विचार केला आहे. गृहाधारित उपशामक सेवेसाठी लागणारे बहुतेक घटक ग्रामीण महाराष्ट्रात कागदोपत्री तरी अस्तित्वात आहेत. ते एकमेकांना जोडण्याची जबाबदारी कोणा एकाची नाही, आणि अडचणीचे मूळ येथे आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

उपशामक सेवेची संकल्पना :

जो आजार बरा होण्याची शक्यता उरलेली नाही अथवा अत्यल्प आहे, त्या आजारातील वेदना, धाप, उलट्या, जखमा, निद्रानाश, भीती आणि कुटुंबाची ओढाताण यांचे निवारण करणारी सेवा म्हणजे उपशामक सेवा. सर्वसामान्यपणे ती पॅलिएटिव्ह केअर या नावाने ओळखली जाते. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन केले आणि वेदना ही शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी एकत्रित असते, हा विचार रूढ केला. भारतातील पहिले हॉस्पिस म्हणजे मुंबईच्या वांद्रे येथे १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने सुरू झालेले शांती आवेदना सदन होय. पुढे १९९७ मध्ये पुण्याजवळ वारजे येथे सिप्लाचे उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील उपशामक विभागाने रुग्णांच्या घरी जाऊन सेवा देण्याची पद्धत विकसित केली. ही सर्व उदाहरणे महानगरांतील आहेत, ही बाब सूचक आहे.

ही सेवा केवळ कर्करोगासाठी किंवा केवळ अखेरच्या चार दिवसांसाठी आहे, हा समज दूर होणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख व्यक्तींना उपशामक सेवेची गरज भासते आणि त्यांपैकी जेमतेम १४ टक्के व्यक्तींना ती मिळते. गरजवंतांमध्ये हृदय, फुप्फुस व मूत्रपिंडाचे जुनाट विकार, स्मृतिभ्रंश आणि एड्स असलेल्यांची संख्या मोठी आहे. खेड्यात अंथरुणाला खिळलेली जी माणसे दिसतात, त्यांतील कित्येकांच्या बाबतीत आजाराचे नाव दुय्यम असते. पाठीला पडलेली जखम आणि कोंडलेली लघवी हाच त्यांचा त्या दिवशीचा आजार असतो.

जिल्ह्याची सीमा आणि रुग्णाचा रस्ता :

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून तीपैकी सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. वारंगा फाटा हे जिल्ह्याच्या टोकाला आहे. एका बाजूस अर्धापूर आणि दुसऱ्या बाजूस हदगाव हे दोन्ही तालुके नांदेड जिल्ह्यातील. येथून हिंगोलीपेक्षा नांदेड जवळ पडते. साहजिकच गंभीर रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणाकडे पाठ करून नांदेडला, विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अथवा खासगी रुग्णालयांत जातो. कर्करोगाचा रुग्ण त्याहून पुढे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय किंवा थेट मुंबईचे टाटा गाठतो.

रुग्ण जिल्ह्याची सीमा सहज ओलांडतो. त्याची नोंद मात्र ओलांडत नाही. त्याचे गाव ज्या उपकेंद्रात येते ते उपकेंद्र हिंगोलीला अहवाल पाठवते आणि त्याच्यावर उपचार करणारे रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात असते. यात आणखी एक गुंतागुंत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतात; ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या; वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाच्या. म्हणजे एकाच जिल्ह्यातही रुग्ण तीन प्रशासनांच्या हद्दींतून जातो. २०२४ मध्ये हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही निश्चितच मोठी सोय आहे. तथापि वारंगा परिसरातील माणूस रस्त्याच्या सवयीने नांदेडलाच जाणार, हे गृहीत धरूनच नियोजन करावे लागेल. नकाशावर आखलेली संदर्भसेवेची साखळी आणि एस. टी. बसचा मार्ग यांत विरोध आला, तर लोक बसचा मार्ग पत्करतात.

उपचारखर्चाच्या योजनांचीही येथे मर्यादा पडते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार गरीब कुटुंबांच्या आवाक्यात आले, याचे श्रेय तिला द्यावेच लागेल. परंतु योजनेची उभारणी रुग्णालयात द्यावयाच्या उपचारांभोवती झालेली आहे. उपचार थांबले की योजनेच्या दृष्टीने प्रकरण संपते. कुटुंबाच्या दृष्टीने ते तेथून सुरू होते.

मॉर्फिनचा प्रश्न :

तीव्र कर्कवेदनेवर तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन हे जगन्मान्य, परिणामकारक व स्वस्त औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशमनाची जी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर हे औषध आहे. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळाच्या काट्यावर द्यावी लागते. ‘दुखेल तेव्हा द्या’ असे म्हणून चालत नाही. तिच्यासोबत पोट साफ ठेवणारे औषध न दिल्यास बद्धकोष्ठाने रुग्ण हैराण होतो आणि कुटुंब गोळीलाच दोष देऊन ती बंद करते. मॉर्फिन म्हणजे व्यसन, मॉर्फिन म्हणजे शेवटची गोळी, ही भीती केवळ अशिक्षितांत आढळते असे नाही. ती डॉक्टरांमध्येही आहे. योग्य मात्रेपासून आरंभ करून क्रमाने वाढविल्यास वेदनाग्रस्त रुग्णात हे औषध सुरक्षित असते, हे अनेक दशकांच्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे.

येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या जगातील मोजक्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात ती परवान्याने होते आणि नीमच व गाझीपूर येथे शासनाचे अफू कारखाने आहेत. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर मॉर्फिन बाळगण्यासाठी निरनिराळ्या विभागांचे अनेक परवाने लागू लागले आणि बहुसंख्य रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह काही औषधांना ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा स्वतंत्र दर्जा मिळाला आणि राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेस ती एकाच व्यवस्थेखाली ठेवता येऊ लागली.

कायदा सुलभ झाला, तरी गोळी गावापर्यंत आपोआप येत नाही. दूरसल्ल्याद्वारे औषधे लिहून देण्यासंबंधी २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत अमली पदार्थांच्या कायद्याखालील औषधे वर्ज्य ठरविली आहेत. म्हणून उपकेंद्रातून ई-संजीवनीवर तज्ज्ञांशी बोलणे झाले, तरी मॉर्फिनसाठी कोणाला तरी मान्यताप्राप्त संस्थेपर्यंत जावे लागते. रुग्ण जाऊ शकत नाही. जाणारा मुलगा वा जावई त्या दिवसाची मजुरी बुडवून जातो. साठा संपण्याच्या दिवशी तो निघाला, तर ती रात्र वेदनेत जाते. ही बाब औषधशास्त्राची नाही, वेळापत्रकाची आहे. गोळ्या किती उरल्या हे आठवड्यातून एकदा मोजणे आणि चार दिवस आधी निरोप देणे, एवढ्या साध्या कृतीने ती टळते. परंतु ही मोजणी कोणाचे काम, हे ठरलेले नसते.

केरळचा अनुभव व त्याची मर्यादा :

कोझिकोड येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी वेदना व उपशामक सेवा संस्था स्थापन केली. रुग्ण दवाखान्यात येऊ शकत नाहीत हे लक्षात आल्यावर सेवा घरी नेण्याचा विचार पुढे आला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी मलप्पुरम व लगतच्या भागांत शेजारसेवेचे जाळे उभे राहिले. आठवड्यातून काही तास देऊ शकणारे सामान्य नागरिक प्रशिक्षण घेऊन आपल्या भागातील रुग्ण शोधू लागले. परिचारिका घरोघर जाऊ लागली. डॉक्टर तिच्या पाठीशी राहिले आणि खर्चाचा मोठा वाटा लहान लहान स्थानिक देणग्यांतून उभा राहिला. २००८ मध्ये केरळ शासनाने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले. त्यानंतर ग्रामपंचायती व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्यामार्फत समाजपरिचारिकेच्या गृहभेटी हा व्यवस्थेचा भाग झाला. केरळनंतर धोरण स्वीकारणाऱ्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होतो.

या उदाहरणाचा उल्लेख आपल्याकडे बहुधा अनुकरणीय नमुना म्हणून केला जातो. त्यातील एक बाजू मात्र दुर्लक्षित राहते. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेने केरळातील ग्रामपंचायतींच्या हाती राज्याच्या योजनानिधीचा मोठा हिस्सा आला होता. वस्ती सलग होती. वाचनालये, सहकारी संस्था, धार्मिक मंडळे यांचे जाळे आधीपासून होते. कळमनुरी तालुक्यातील तांडे, आदिवासी पाडे आणि शेतातील आखाडे यांची गोष्ट वेगळी आहे. तेव्हा केरळचा आराखडा जसाच्या तसा आणणे व्यर्थ होय. घेण्यासारखे आहे ते एवढेच की, तेथे सेवेची सुरुवात रुग्ण शोधण्यापासून होते आणि शोधणारी व्यक्ती शेजारची असते.

आणि या बाबतीत महाराष्ट्राची स्वतःची परंपरा कमी प्रतीची नाही. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्री नवजात बालकाची काळजी घरातच घेऊ शकते, हे दाखवून दिले. जन्माच्या वेळी घराच्या उंबरठ्याच्या आत पोहोचलेली ही व्यवस्था मृत्यूच्या वेळी उंबरठ्याबाहेर का थांबावी, असा प्रश्न येथे विचारता येतो.

घरातील सेवेकरी :

आजाऱ्याची सेवा प्रत्यक्षात घरातील स्त्री करते. पत्नी, सून किंवा शाळा सुटलेली मुलगी. तिच्या वेळेवर शेतीच्या हंगामाची सत्ता असते. हा पट्टा हळदीचा आहे. फेब्रुवारीपासून हळद काढणे, शिजविणे, वाळविणे, घोळणे यांची घाई उडते आणि घरातील प्रत्येक हात शेतात जातो. दसरा-दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात ती उन्हाळ्यातच परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि मुले. गृहभेटींचे वेळापत्रक ठरविताना हे पंचांग कोणी विचारात घेतल्याचे सहसा आढळत नाही. हळदीच्या दिवसांत दुपारी बाराला गेलेल्या परिचारिकेला बंद दार आणि आतून कण्हण्याचा आवाज, एवढेच मिळेल. भेट सकाळी लवकर अथवा सायंकाळी हवी.

जे शिकवावयाचे आहे ते अवघड नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे. चादरीची सुरकुती काढणे. तोंड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसणे. गिळता येत नसेल तर बळेच भरविण्याचा आग्रह न धरणे. शेवटची सूचना सर्वांत जड जाते, कारण आपल्या समाजात जेवू घालणे हेच प्रेमाचे माप आहे. सडलेल्या जखमेची दुर्गंधी हा आणखी एक विषय. तिच्यामुळे शेजारीपाजारी येणे बंद करतात, नातवंडांना दूर ठेवले जाते आणि रुग्ण जिवंतपणी एकटा पडतो. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर वापरल्यास हा वास बराच कमी होतो. एका स्वस्त गोळीने माणूस पुन्हा माणसांत येतो, हे सामर्थ्य कोणत्याही महागड्या यंत्रात नाही.

वेदना मोजण्यासाठी पाठ्यपुस्तकांत शून्य ते दहा अशी पट्टी असते. ग्रामीण वृद्धांना ती परकी वाटते. ते सहज म्हणतात, ‘बारा आणे दुखतंय’, किंवा ‘चार आणे फरक पडला’. आण्यांचे हे माप परिचारिकेने वहीत तसेच लिहावे. सोळा आण्यांची पट्टी दहा अंकांच्या पट्टीपेक्षा कमी शास्त्रीय आहे, असे मानण्याचे कारण नाही. रोगाचे नाव रुग्णापासून लपविण्याची प्रथाही सार्वत्रिक आहे. ‘त्यांना सांगू नका’ असे घरचे म्हणतात आणि रुग्ण सर्व ओळखून गप्प राहतो. परिचारिकेने ही गाठ एका भेटीत सोडविण्याचा प्रयत्न करू नये. रुग्णाला किती जाणून घ्यावयाचे आहे, हे त्यालाच हळूहळू विचारावे.

समन्वयक कोण असावा ? :

केंद्र शासनाने २०१२ मध्ये उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या सेवेस स्थान मिळाले आणि २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांत तिचा अंतर्भाव झाला. ही केंद्रे आता आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखली जातात. आशा कार्यकर्तीने अंथरुणास खिळलेल्या व्यक्तींची नोंद घ्यावी, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने गृहभेट द्यावी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने पाठबळ द्यावे, अशी ही रचना आहे. ती सुविचारित आहे. परंतु आशा ताईंवर लसीकरण, प्रसूती, क्षयरोग, सर्वेक्षणे यांचा भार आधीच आहे आणि ज्या कामाचा आकडा वर मागितला जात नाही ते मागे पडते, हा कोणत्याही यंत्रणेचा स्वभाव होय.

म्हणून वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी दोन-तीन उपकेंद्रांसाठी एक परिचारिका केवळ समन्वयक म्हणून नेमावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पद नवे निर्माण करणे शक्य नसेल, तर एका समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे ते नावानिशी सोपवावे. तिच्या कामाचा आरंभ रुग्णाच्या घरातून होऊ नये. तो नांदेडच्या रुग्णालयातील रजा देण्याच्या टेबलापासून व्हावा. रजेच्या कागदाची एक प्रत तिच्याकडे यावी आणि तिचा दूरध्वनी क्रमांक त्या कागदावर मराठीत लिहिलेला असावा. दोन जिल्ह्यांच्या आरोग्य प्रशासनांनी एका पानाचा करार केला तरी हे साधेल. त्यानंतर आठवड्याच्या आत पहिली गृहभेट, तीत वेदनेची नोंद, औषधांचा हिशेब, सेवा करणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि रात्री काही झाल्यास काय करावयाचे याची चर्चा व्हावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी की नाही, हा निर्णय कुटुंबाने शांतपणे आधी घेतलेला बरा. मध्यरात्री घाबरून बोलाविलेली गाडी मरणोन्मुख माणसाला पुन्हा त्याच रुग्णालयाच्या खाटेवर नेते आणि त्याचा अंत रस्त्यात होतो.

समन्वयकाच्या वहीत वैद्यकीय नसलेली कामेही येतील. कर्करोग, पक्षाघात यांसारख्या आजारांमुळे निराधार झालेल्यांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला व तहसीलच्या खेपा यांत महिने जातात आणि कित्येकदा मंजुरी येण्यापूर्वी अर्जदार गेलेला असतो. ग्रामसेवक व तलाठी यांना असा अर्ज प्राधान्याने घ्यावयास सांगणे, हे उपशामक सेवेचेच अंग आहे. आखाडा बाळापूरचे ग्रामीण रुग्णालय आणि कळमनुरीचे उपजिल्हा रुग्णालय यांपैकी एका ठिकाणी तरी मॉर्फिनचा मान्यताप्राप्त साठा कायम ठेवल्यास नांदेडच्या खेपा वाचतील.

रुग्णाच्या मृत्यूनंतरही तिची एक भेट राहते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत झाली आहे की नाही, हे तिने पाहावे. विमा, वारसा, विधवा निवृत्तिवेतन या सर्वांना तो दाखला लागतो. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत घ्याव्यात आणि नोंदवहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात. आणि ज्या स्त्रीने चार-सहा महिने रात्री जागून काढल्या, तिच्या स्वतःच्या रक्तदाबाची, झोपेची व जेवणाची चौकशी करावी. ही भेट तेराव्याच्या गर्दीत न ठेवता, पाहुणे परत गेल्यानंतरच्या आठवड्यात ठेवणे श्रेयस्कर.